प्लास्टर वाळेपर्यंत

दि. ९ फेब्रुवारी, रविवार दुपार

प्रिय आई,

तुम्हांला, वन्संना आणि त्यांच्या घरातल्या लहानमोठ्या सगळ्यांना माझा आणि चिंगीचा प्रभूमध्ये सलाम. आम्ही दोघी देवाच्या कृपेने बऱ्या आहोत. तुमचे गुडघे काय म्हणतात? वन्सं फोनवर सांगत होत्या की तुम्ही आता जिना चढता, आणि कुणी हात द्यायला आलं तर त्याच्याच अंगावर ओरडता. ऐकून जीव भांड्यात पडला. ओरडताय म्हणजे तब्येत सुधारली.

फोनवर तुमच्याशी धड बोलणं होत नाही. मागे टीव्ही चालू असतो, वन्सं मधेच 'काय म्हणाली, काय म्हणाली' करतात, आणि तुम्हांला अर्धं ऐकू येत नाही पण कबूल करायचं नसतं. म्हणून पत्र.

चिंगी माझ्यापेक्षा उंच झाली. माझ्या चपला तिला होत नाहीत म्हणून माझ्यावरच फुगते, जणू मी मुद्दाम लहान पायांची झाले. शाळेत 'माझी आवडती व्यक्ती' असा निबंध होता, तो तिने तुमच्यावर लिहिला. त्यात एक वाक्य आहे, 'माझी आजी रागावली तरी जेवायला वाढते, फक्त जोरात वाढते.' बाईंनी खाली 'छान' असा शेरा दिला आहे.

वर्कशॉपमध्ये सगळं पूर्वीसारखंच. दवाखान्याच्या मागच्या त्या लांब खोलीत उजेड कमी आणि धूळ जास्त. सकाळी साचे, दुपारनंतर कानस आणि पॉलिश. घरी येते तेव्हा केसांत इतकी पांढरी पूड असते की चिंगी म्हणते, आई तू एका दिवसात म्हातारी होऊन येतेस. पेशंटचे व्यायाम घेणारी माझी मैत्रीण, जिला आम्ही सगळे मास्तरीण म्हणतो, तिचा आवाज अजून तसाच खणखणीत आहे. तिने 'पाय उचला' म्हटलं की बाहेर बाकावर बसलेले लोकही उचलतात.

आता खरं कारण लिहिते. मला तुम्हांला एक आनंदाची गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगायची लाजही वाटते आहे.

आई, ह्यांच्या मागे मी चर्चमधलं एकही काम सोडलं नाही हे तुम्हांला माहीत आहे. रविवारचा मुलांचा वर्ग, आजाऱ्यांच्या भेटी, शनिवारची झाडलोट, पडदे धुणं. सगळे म्हणायचे, किती खंबीर आहे बघा. मीही मान हलवायचे. पण देवावरचं माझं प्रेम केव्हाच आटून गेलं होतं. मी त्याच्या घरात मोलकरणीसारखी वावरत होते. काम चोख, पण मालकाशी बोलणं नाही. त्याने काही विचारू नये आणि मी काही सांगू नये, असं आमचं चाललं होतं.

थंडीच्या सुरुवातीला आमच्याकडे एक माणूस कृत्रिम पाय करून घ्यायला आला. डावा पाय गुडघ्याखाली गेलेला. पूर्वी गाडी चालवायचा. फार दिवस नुसत्या कुबड्यांवर काढल्यामुळे गुडघा आखडला होता, म्हणून आधी मास्तरणीने त्याला पिळून काढलं आणि मग तो माझ्याकडे आला. त्याचं काम मला जड गेलं. काही माणसं जड जातात, त्याचं काय एवढं. काम मात्र मी नेहमीसारखंच केलं. उलट थोडं जास्तच काळजीने केलं, कुणाला नाव ठेवायला जागा नको म्हणून. पाय उत्तम झाला. पहिल्या दिवशी दोन दांड्यांच्या मधून चालताना तो जरासुद्धा लंगडला नाही.

चालून झाल्यावर तो माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही पाय इतका छान केलात, पण एकदाही माझ्या तोंडाकडे बघितलं नाहीत. माझं काही चुकलं का?"

मी प्लास्टरच्या खोलीत गेले आणि धुतलेली हत्यारं पुन्हा धुतली.

दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर पाळकसाहेबांकडे गेले. तुम्ही ह्या नव्या पाळकांना पाहिलेलं नाही. अगदी तरुण आहेत, सर्दी कायमची. मी गेले तेव्हा स्टुलावर उभे राहून पंख्याची पाती पुसत होते.

मी खालूनच म्हटलं, "पाळकसाहेब, एका माणसाला क्षमा करायची आहे आणि ती होत नाही. रोज म्हणते केली, आणि सकाळी उठून बघते तर सगळं जिथल्या तिथे."

ते उतरले. हातातलं फडकं कुठे ठेवावं कळेना म्हणून तसंच धरून बसले. "क्षमेचं घटकाभर बाजूला ठेवू," ते म्हणाले. "तुमचं देवावर प्रेम आहे का?"

आई, मला असा संताप आला! "दर शनिवारी चर्च कोण झाडतं?" मी विचारलं. "पडदे कोण धुतं?"

"ते मी विचारलं नाही," ते अगदी हळू म्हणाले, आणि त्यांचे कान लाल झाले. मग म्हणाले, "मलाही हा प्रश्न अवघड जातो. कधीकधी उपदेश लिहून होतो आणि लक्षात येतं, आठवडाभर आपण त्याच्याविषयी बोलतोय, त्याच्याशी बोललोच नाही."

"मग करायचं काय?"

"प्रीती जोर लावून येत नाही, बाई. त्याने आपल्यावर किती केली ते बघत बसायचं. रोज, थोडा वेळ. बाकीचं तिच्यामागून येतं. तिच्याआधी येत नाही."

हे काय उत्तर झालं, असं पुटपुटत मी घरी आले. पण दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत प्लास्टरच्या खोलीचं दार लोटलं आणि गोणीवर बसले. डोळे मिटले आणि पहिल्यांदा खरं बोलले. म्हटलं, "प्रभू, माझं तुझ्यावर प्रेम नाही. पूर्वी होतं. ते कुठे गेलं मला ठाऊक नाही." आता काहीतरी भयंकर होणार असं वाटलं. झालं एवढंच, की मास्तरणीने दार वाजवून सांगितलं, चहा गार होतोय.

मग रोज बसायला लागले. त्याने काय दिलं ते आठवत बसायचं, एवढंच. आधी ह्यांचा आवाज आठवला. उपासनेत हे सूर सोडून, पण सगळ्यांत मोठ्याने गायचे. पुढच्या बाकावरचे लोक वळून बघायचे, आणि तुम्ही त्या बघणाऱ्यांकडे असं बघायचात की ते मुकाट्याने पुढे तोंड करायचे! इतके दिवस ह्यांची आठवण आली की शेवटची सकाळच डोळ्यांपुढे यायची. आता गाणं आलं. मी गोणीवर बसून एकटी हसले. आणि मनात आलं, हा माणूस मी कमावला नव्हता. मला तो दिलेला होता. तुम्हीसुद्धा. आई नसलेली मुलगी मी, तुमच्या दारात आले, आणि तुम्ही मला पहिल्याच आठवड्यात असं रागावलात, जसं फक्त आपल्या मुलीला रागावतात.

असं कितीतरी दिवस चाललं. आणि एक दिवस दिलेलं सगळं बाजूला राहिलं आणि देणाऱ्याकडे लक्ष गेलं. तो वधस्तंभावर माझ्यासाठी गेला, हे मी लहानपणापासून तोंडपाठ म्हणते. त्या दिवशी ते मला पहिल्यांदा कळलं, की हे कुणीतरी खरोखर केलं आहे, त्याला दुखलं आहे, आणि करताना मी त्याच्या मनात होते. मी गोणीवरून उठलेच नाही. चहा त्या दिवशीही गार झाला.

आता मी जेवणाच्या सुट्टीची वाट बघते, आई. लग्न ठरल्यावर ह्यांची वाट बघायचे तशी. प्रीती हा शब्द आपण चर्चमध्येच वापरतो, घरी कुणी म्हणत नाही. मला तो ठेवणीतल्या कपड्यांसारखा वाटायचा. आता रोज अंगावर घालावासा वाटतो. पडदे अजून मीच धुते, पण धुताना गुणगुणते. काम तेच, पण ते आता दुसरीकडून येतं.

हे तुम्हांला सांगितल्याशिवाय राहवेना. बाकी ठीक. गुडघ्यांना तेल लावत जा. वन्संना सांगा, चिंगीला त्यांच्या मुलीचे जुने बूट आता होतील, टाकू नका.

तुमची आभारी,
सून

*

दि. २० फेब्रुवारी

प्रिय सूनबाई,

तुला आणि चिंगीला सलाम आणि आशीर्वाद. पत्र पोचलं. चिंगीचा निबंध पाठव, मला तो इथल्या काही लोकांना दाखवायचा आहे. गुडघे बरे आहेत. बूट ठेवले आहेत.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. एवढं लांबलचक लिहिलंस आणि एक ओळ गिळलीस. इतकी वर्षं तू पाय करतेस. दारुडे आले, शिव्या देणारे आले. एकाने तर तुझ्या अंगावर कुबडी फेकली होती, त्याला तू बसवून चहा पाजलास आणि घरी येऊन हसत सांगितलंस. आणि आता एक बिचारा ड्रायव्हर तुला जड जातो? आणि लगेच पुढे तुला कुणाला तरी क्षमा करायची असते? मी म्हातारी झाले आहे, पण बावळट झालेले नाही.

तो तोच आहे ना?

हो की नाही, एवढंच लिही. फोन करू नकोस. फोनवर मी रडले तर इथे सगळे गोळा होतात आणि कुणीतरी पाण्याचा ग्लास आणतं. मला पाणी नको असतं.

तू देवावर प्रेम करायला लागलीस हे चांगलं झालं. खोटं कशाला बोलू, मला तुझा हेवा वाटला. मी रोज सकाळी खुर्चीत डोळे मिटून बसते. तुझी नणंद मुलांना दटावते, गप्प बसा, आजी प्रार्थना करतेय. आजी काही करत नसते. आजीला कधीकधी डुलकी लागते. माझा मुलगा गेल्यापासून मी देवाशी एक शब्द बोललेले नाही. चर्चला जाते, उभं राहायचं तेव्हा उभी राहते, बसायचं तेव्हा बसते. माझ्या गुडघ्यांमुळे उशीर होतो, त्याला लोक भक्ती समजतात.

तिथल्या जुन्या पाळकांनी मातीच्या वेळी सांगितलं होतं, देवानेही आपला मुलगा दिला. तेव्हापासून ते वाक्य माझ्या घशात अडकलं आहे. त्याने दिला ना? मी दिला नव्हता. माझा घेतला. देणं आणि घेतलं जाणं एक नव्हे. हे मी कुणा पाळकाला कधी विचारलं नाही, कारण ते उत्तर देतील.

लवकर लिही.

आई

*

दि. २७ फेब्रुवारी

प्रिय आई,

सलाम.

हो. तोच.

तुमच्यापासून लपवायचं नव्हतं. लिहायला बसले की हात दुसरीकडेच वळायचा, बूट, निबंध, पडदे. तुम्ही विचारलंत त्याबद्दल तुमचे उपकार आहेत. आता सगळं सांगते. मधे कुठे थांबावंसं वाटलं तर थांबा, कागद बाजूला ठेवा, राग येऊ द्या.

बाहेरच्या बाकावर पेशंट बसतात आणि कारकून नाव पुकारतो. त्या दिवशी पुकारलेलं नाव कोर्टात ऐकलेलं होतं. मला वाटलं, एका नावाची दहा माणसं असतात. मग तो कुबड्यांवर आत आला. कोर्टात मी त्याची मानच तेवढी पाहिली होती, मागून. तीच मान. शिक्षा भोगून आला होता. त्याने मला ओळखलं नाही. कोर्टात मी सगळा वेळ तोंडाला रुमाल धरून बसले होते. दुसऱ्या कुणाकडे द्यावा तर साचे घेणारी इथे मी एकटीच.

पहिला साचा घेतला तेव्हा मी खिडकीच्या गजांकडे बघत बसले होते. पट्ट्या ओल्या करून उरलेल्या पायावर गुंडाळायच्या, मग दोन्ही हातांनी तो पाय धरायचा, अंगठे गुडघ्याच्या वाटीखाली, बोटं मागे. प्लास्टर वाळेपर्यंत सोडायचं नाही, हलायचं नाही. त्या माणसाचा पाय मी असा हातात धरला होता. माझे हात काम करत होते आणि मी तिथे नव्हते.

पहिला पाय कायमचा नसतो. वापरून वापरून आतला पाय बारीक होतो, सगळं ढिलं पडतं आणि नवा साचा घ्यावा लागतो. तसा तो जानेवारीत पुन्हा आला. तोवर माझं ते जेवणाच्या सुट्टीतलं बसणं सुरू होऊन बरेच दिवस झाले होते. आई, मी त्याला काही सांगायचं ठरवलेलं नव्हतं. पट्ट्या गुंडाळल्या, पाय धरला, आणि ह्या वेळी त्याच्या तोंडाकडे बघितलं. वयापेक्षा फार थकलेलं तोंड आहे. मी बघितलं म्हणून त्याला बरं वाटलं असावं. तो बोलायला लागला.

"घरी कोण कोण असतं, बाई?"

"मुलगी असते."

"आणि साहेब?"

"साहेब नाहीत," मी म्हटलं. आणि मग थांबता आलं नाही. "शाळेत गणित शिकवायचे. सकाळी धुकं होतं. रस्त्याच्या कडेला उतरून सायकलची चेन बसवत होते. दुधाची गाडी आली."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने पाय ओढून घ्यायचा प्रयत्न केला.

"हलू नका," मी म्हटलं. "साचा बिघडेल."

"सोडा मला, बाई. तुम्ही हात लावू नका मला."

"प्लास्टर वाळेपर्यंत सोडता येत नाही."

आणि खरंच येत नव्हतं! आम्ही दोघं तिथे अडकलो, आई. तो बाकावर, मी त्याच्यासमोर खाली बसलेली. प्लास्टर घट्ट होताना गरम होतं, ते माझ्या तळव्यांना लागत होतं. त्याने शर्टाच्या बाहीत तोंड खुपसलं आणि लहान मूल रडतं तसा रडला. मला तेव्हा 'क्षमा केली' हे शब्द आठवलेसुद्धा नाहीत. एवढंच कळत होतं की माझ्या ह्या दोन हातांतून कुणाचं तरी प्रेम चाललं आहे, आणि ते माझं नाही. माझ्यापाशी एवढं कधी नव्हतंच. मी नुसती धरून होते. आणि ज्याचं ते होतं त्याच्यावर त्या घडीला माझं प्रेम दाटून आलं.

बाहीतून तोंड वर काढून तो म्हणाला, "मला झोप लागली होती, बाई. खरं एवढंच आहे. वकिलाने ब्रेकचं सांगायला लावलं. ब्रेक चांगले होते. मी झोपलो होतो."

"मला ठाऊक होतं," मी म्हटलं.

तेवढ्यात मास्तरीण डोकावली. तिने आमची दोघांची तोंडं बघितली आणि न बोलता दार ओढून घेतलं. तिला गप्प झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

प्लास्टर वाळलं. मी साचा उतरवला, त्याचा पाय कोमट पाण्याने पुसला, मोजा चढवला. नवा पाय त्याला चांगला बसला आहे. तो आता गाडी चालवत नाही, भाजीच्या एका दुकानात वजनकाट्यापाशी बसतो. पाय न्यायला आला तेव्हा म्हणाला, "त्यांच्या आई..." आणि पुढे त्याला बोलता आलं नाही. मीही पुढचं विचारलं नाही. हा निरोप नाही, आई. जे झालं ते सांगितलं.

आता माझ्या मनात राग उरलाच नाही असं समजू नका. परवाच चिंगीने गणिताच्या पेपरात पैकीच्या पैकी मार्क आणले आणि दाखवायला घरात मी एकटी. तेव्हा तो राग असा उसळून आला की मी मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिले. पण अशा वेळी मी आता क्षमेच्या मागे लागत नाही. पुन्हा जाऊन प्रभूपाशी बसते. त्याच्यावरचं प्रेम जागं झालं की बाकीचं हळूहळू त्याच्यामागून येतं. पाळकसाहेबांचं बरोबर होतं. मी त्यांना सांगितलेलं नाही, उगाच त्यांचे कान लाल होतील.

तुमच्या त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही. मी शोधलंही नाही. मात्र एक केलं. काल सुट्टीत तुमचं पत्र घेऊन बसले आणि ते वाक्य त्याला मोठ्याने वाचून दाखवलं, तुमच्याच शब्दांत. 'त्याने दिला ना? मी दिला नव्हता. माझा घेतला.' तुम्ही त्याच्याशी बोलत नाही, म्हणून मी निरोप पोचवला.

तुमच्याकडे माझं काही मागणं नाही. तुम्ही अमुक करा, तमुक वाटून घ्या, असं चुकूनही म्हणणार नाही. फक्त एक आठवण. लग्न होऊन तुमच्या घरी आले तेव्हा एक दिवस तुम्ही गच्चीत कपडे वाळत घालताना कुणाशी तरी तावातावाने बोलत होतात. मला वाटलं शेजारीण आली आहे, म्हणून मी दोन कप चहा करून वर आणला. वर तुम्ही एकट्याच. तुम्ही म्हणालात, 'ठेव इथे, त्याचाही मीच पिते.' ज्या देवावर आज माझं प्रेम आहे, त्याची माझी ओळख त्या दिवशी झाली. तुम्ही करून दिलीत. हे ऋण नाही म्हणत मी, हे माझं माहेर आहे.

तुमच्या उत्तराची घाई नाही.

जशी आहे तशी, तुमचीच,
सून

*

दि. ३० मार्च

प्रिय पोरी,

उत्तराला उशीर झाला. तू घाई नाही म्हणालीस, मीही केली नाही.

तुझं पत्र वाचून आधी मी जेवले नाही. मग दोन-तीन दिवस सगळ्यांवर खेकसले. तुझ्या नणंदेने डॉक्टरला बोलवायचं काढलं, तिच्यावर जास्त खेकसले. तू त्याचा पाय पुसलास हे वाचून मला तुझा राग आला. लिहून टाकते, म्हणजे आपल्यात राहायला नको. माझ्या मुलाला शेवटचं पुसायलासुद्धा मला दिलं नव्हतं, आणि ह्याचा पाय तू कोमट पाण्याने पुसतेस. असं वाटलं.

पण त्याहून जास्त राग आला तो निरोपाचा. माझं म्हणणं देवाला पोचवणारी तू कोण? मी काय मेले आहे? माझं मी सांगेन, असं म्हणाले. मोठ्याने म्हणाले, स्वयंपाकघरात, भांडी विसळताना. आणि म्हटल्यावर सांगायलाच लागले. काय काय बोलले ते लिहीत नाही, चिंगी पत्र वाचते. तुझी नणंद धावत आली, तिला वाटलं मी पडले. म्हणाली, कुणाशी बोलतेस? म्हटलं देवाशी. म्हणाली, मग ओरडतेस कशाला? म्हटलं, तू मधे पडू नकोस, आमचं आम्ही बघू.

खूप भांडले, पोरी. आणि भांडता भांडता एक ध्यानात आलं. मला त्याची आठवण येत होती. एवढे दिवस मला वाटत होतं की मला माझ्या मुलाचीच आठवण येते. ती येतेच. पण त्याच्याखाली ही दुसरी दबून गेली होती. ज्याच्याशी मी लहानपणापासून बोलत आले, तोही त्याच दिवशी माझ्या घरातून गेल्यासारखा झाला होता. मीच दार लावलं होतं आणि मीच वाट बघत होते.

बोलून बोलून दमले, मग खुर्चीत बसले. त्याने उत्तर दिलं नाही. बरं झालं. तुझे सासरे गेले तेव्हा माझी धाकटी बहीण येऊन नुसती शेजारी बसली होती, एक शब्द न बोलता. तसं कुणीतरी बसलं आहे असं वाटलं. आणि वाटलं, ह्यालाही ठाऊक आहे. दिलेला असो की घेतलेला असो, गेलेल्या मुलाचं अंग तेवढंच गार लागतं. हे पाळकाला सांगू नकोस, उपदेशात घालेल.

त्या दिवसापासून सकाळी खुर्चीत बसते तेव्हा खरोखर बसते. मुलांना आता दटावावं लागत नाही. मीच मोठ्याने बोलते, त्यामुळे ती आपणच गप्प बसून ऐकतात. सुरुवात आभारानेच होते, हे मला स्वतःला नवल आहे. ह्या वयात नवीन काही फुटेल असं वाटलं नव्हतं. पण रोज सकाळी उठल्यावर पहिली आठवण त्याची येते, आणि ती आली की बरं वाटतं. तुझ्यासाठी आभार मानते. तू मला सून म्हणून मिळालीस, ते मीही कमावलं नव्हतं.

आता त्या माणसाचं. माझ्या मनात त्याच्याविषयी माया नाही. ढोंग करणार नाही. पण परवा प्रार्थनेत एकेकाचं नाव घेत गेले. तुझं घेतलं, चिंगीचं घेतलं, तुझ्या नणंदेच्या घरातल्यांची घेतली, तुझ्या त्या मास्तरणीचीसुद्धा आठवण केली. आणि त्याच्यापाशी येऊन थांबले. पुढे जाता येईना, मागेही जाता येईना. प्रभू म्हणाला नाही की घे, आणि म्हणाला नाही की राहू दे. नुसता माझ्यासाठी थांबला. काल पुन्हा तसंच. आज पुन्हा.

कोर्टात मी ते नाव ऐकलं होतं, आणि बाहेर पडताना ठरवून टाकलं होतं की हे नाव आपल्या डोक्यात राहू द्यायचं नाही. राहिलंही नाही. आता कितीही आठवलं तरी आठवत नाही, आणि नाव नसलं तर देवापाशी त्याच्याबद्दल बोलू तरी कशी?

तेवढं त्याचं नाव कळव. मोठ्या अक्षरांत लिही, मला बारीक दिसत नाही.

तुझी,
आई